वर्ग पहिला: मानकरी

३ ऑगस्ट १९५३, सकाळी ७
आजपासून रोजनिशी नियमित. वृषणाच्या गाठींचं ‘लक्ष्मीकांत वर्गीकरण’ दिवाळीपूर्वी पूर्ण करणार. अमेरिकनांनी फौजेतल्या नऊशेवर गाठी तपासून पाच गट पाडले. माझ्याकडे सातच आहेत, पण नजर आहे. तीन वर्ग पुरेत: मानकरी, शिलेदार, बारगीर. आजोबा होळकर दरबारात बैठकी लावत; माणूस पाहताच त्याची जागा त्यांना कळे.

११ ऑगस्ट
आठवी गाठ आली. गजानन, मल्हारगंजातला मास्तर, वय सव्वीस. कापली तर आत पांढरीशुभ्र, एकसारखी. कडेला दाण्याएवढा रक्ताळ डाग. म्युझियमच्या बरणीत ठेवण्याजोगा नमुना, म्हणून मधून एकच तुकडा घेतला. मायक्रोस्कोपखाली सेमिनोमा, कर्करोगातली सौम्य जात. म्हणजे मानकरी. जागा सोडत नाही.

१२ ऑगस्ट
असिस्टंट डॉ. यशोधरा म्हणाली, सर, डागातूनही तुकडा घेऊ. एकाच गाठीत दोन-तीन जाती असतात, आणि सगळ्यांत वाईट जात रोग्याचं भवितव्य ठरवते. मी म्हणालो, बरणीची शोभा जाईल. हुशार आहे, पण पुस्तकी.

२ ऑक्टोबर
गजानन आभार मानायला आला. भिया, अब कोई खतरा तो नाही ना, विचारत होता. मुंबईला जाऊन एक्स-रेचे शेक घेऊ का? म्हटलं, मानकऱ्याला शेक कशाला. ऑपरेशनचं ऐकून मुलीवाले पळतात म्हणे. अडाणी लोक. मुलगा देखणा आहे. आमची धाकटी बहीण प्रेमलताही लग्नाची आहे.

९ ऑक्टोबर
आईला गजाननचा रिपोर्ट वाचून दाखवला. खाली माझी सही, आणखी काय हवं? प्रेमलताने विचारलं, दादा, तू नीट पाहिलंयस ना? म्हणालो, स्वतःच्या डोळ्यांनी.

२९ नोव्हेंबर
लग्न झालं. यशोधरा आली नाही. मत्सर.

१७ जानेवारी १९५४
वर्गीकरण दीड पान. पाहुणे फार. गजाननला खोकला आहे, खडूची धूळ. यशोधरा म्हणते, बेडकाची टेस्ट करा. लघवी बेडकाला टोचून करतात ती, बायकांच्या गरोदरपणाची, पण अंगात ती वाईट जात असली की पुरुषातही पॉझिटिव्ह येते म्हणे. मी विचारलं, माझ्या मेहुण्याला दिवस गेलेत का? सगळी लॅब हसली. ती सोडून.

२ फेब्रुवारी
गजाननच्या थुंकीत रक्त. बेडकाची टेस्ट पॉझिटिव्ह. बेडूक म्हातारा असावा. दुसरा आणवला.

४ फेब्रुवारी
दुसऱ्या बेडकातही पॉझिटिव्ह. यशोधराने मला न विचारता बरणी उघडली. डागात कोरिओकार्सिनोमा, तीच वाईट जात. स्लाइड बघा म्हणाली. माझे डोळे आलेत. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत गोळे.

१० मार्च
गजानन पहाटे गेला. आज लॅबला सुट्टी घेतली.

२४ मार्च
प्रेमलताला घरी आणलं. दिवसभर विचार केला. या जातीवर औषधच नाही. चार तुकडे घेतले असते तरी गजानन वाचला नसता. हे शास्त्र आहे, यात माझा दोष नाही. संध्याकाळी तिला समजावून सांगितलं, तिचं मन हलकं व्हावं म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हो दादा, ते गेलेच असते. पण माझं लग्न झालं नसतं.
मी चष्मा पुसला.