कुलपाला सुट्टी

एडिसन, अमेरिका

प्रिय शरयूताई,

खानावळीचं लायसन मिळालं हे वाचून लई बरं वाटलं. पण पुढे तू विचारलंस, तिकडे अमेरिकेत हॉटेलवाले तपासणीच्या साहेबांना कसे सांभाळतात. त्या 'सांभाळतात'पाशीच माझं घोडं अडलंय. लिहायला बसतो आणि उठतो.

आमच्या इथल्या हॉटेलाचे मालक एकनाथकाका म्हणायचे, साहेब म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला माळा दाखवायचा नसतो. किचनच्या मागच्या दाराला त्यांनी आतून कुलूप घातलेलं, चोरीच्या भीतीनं. किल्ली त्यांच्या कमरेला. फायरवाल्या मॅडम तपासणीला येणार असल्या की कुलूप काढून देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवायचं, तिथं कोण हात घालतंय? काका आल्याचा चहा पुढे करायचे, मॅडम पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. दार ढकलून बघायच्या, सही करायच्या. गाडी वळली की कुलूप परत दाराला. माझ्याबरोबरचा कबीर म्हणायचा, "रव्या, आज कुलपाला सुट्टी यार."

काका वाईट माणूस नाहीत गं. कबीर तापानं फणफणला होता तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला पेज भरवली. म्हणून तर कोणी कधी बोललं नाही.

यंदा दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. चकल्यांच्या कढईतलं तेल पेटलं. मी काउंटरवर होतो, पुढून निघालो. कबीर आत होता, तो मागे पळाला. मी वळसा घालून गल्लीत पोचलो तेव्हा दार आतून वाजत होतं. मी बाहेरून ओढत होतो. मग वाजायचं थांबलं.

आता खोलीवर कुठलंही दार वाजलं की मी पळत जाऊन उघडतो. कधी शेजारचा यश असतो. कधी कोणीच नसतं. तरी मी जरा वेळ उघडंच ठेवतो.

काल काका आले. म्हणाले, "उद्या मॅडम जबाब घेतील. दार उघडंच असायचं, एवढं म्हण. सांभाळून घे बाबा." किल्ली अजून त्यांच्या कमरेला होती.

ताई, मी कुलपाचं सांगणार आहे. नोकरी जाईल, इथून निघावंही लागेल. म्हणून तुला आधी कळवतो, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही हेच. गावी आलो तर तुझ्या खानावळीत पुढून येणार नाही. मागच्या दारानं येईन. उघडं ठेव.

तुझाच,
रव्या