रात्रीच्या थापा

१२ ऑक्टोबर

मासा नाही. बुटात पाणी, केसांत वाळू, आणि सकाळी कामावर!

नणंदेचा फोन आला नसता तर आत्ता झोपलेली असते. "वहिनी, बाबा रात्रीचे एकटे समुद्रावर जातात म्हणे. काही झालं तर? तू जात जा ना बरोबर." ती लांब राहते, तिला फोनवर काळजी करणं सोपं. अजून वहिनी म्हणते, तेवढं मात्र बरं वाटलं.

बाबा म्हणजे सासरे. बंदरात क्रेन चालवायचे, आता घरीच. त्यांचा मुलगा उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका बाईबरोबर दुसऱ्या शहरात राहायला गेला. त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा, पण तो शब्द लिहायला हात वळत नाही. मुलगा गेला, सून राहिली. सासूबाई असत्या तर रडारड तरी झाली असती. बाबांनी विषय काढला नाही, मीही नाही. खाली ते, वर मी.

"मी पण येते," म्हटलं. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि सासूबाईंचे गमबूट आणून समोर ठेवले. मला मोठे होतात. मोज्यांवर मोजे चढवून घातले.

१५ ऑक्टोबर

बाबांच्या गळाला खाणं नसतंच! कोळंबी नाही, काही नाही. लाकडाचा रंगवलेला मासा असतो. वीतभर, पोटात शिसं, खाली तीन टोकांचे दोन गळ. तो लाटांपलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. याला ते 'थाप' म्हणतात. डबा उघडून विचारतात, "आज कोणती थाप मारायची?" तोंडावर हसू नाही, काही नाही.

मी चंदेरी उचलली. त्यांनी ती परत ठेवली, काळी दिली.

"अंधारात काळी कशी दिसणार?"

"अंधारात काळंच दिसतं, सूनबाई. मासा खालून बघतो. वर आभाळ फिकं असतं."

कपाळावरचा दिवा पाण्याकडे करायचा नाही. सांगितलं होतं, तरी केला. ओरडले नाहीत. मुकाट्याने दोर गुंडाळून लांब जाऊन उभे राहिले. मासे पळाले म्हणून की माझा राग आला म्हणून, कोण जाणे.

१९ ऑक्टोबर

एका थापेचं शेपूट खडकावर आपटून तुटलं. बाबा टाकणारच होते. मी पर्समध्ये टाकून कामावर नेली.

दिवसभर आम्ही लॅबमध्ये लोकांचे खोटे दात करतो. मेणाचा साचा, प्लास्टर, मग अ‍ॅक्रिलिक, मग घासणं. जेवणाच्या सुट्टीत हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून शेपूट केलं, कानशीने घासलं, वरून काळा रंग. मालकीणबाई मागे येऊन उभ्या. "आता माशांच्याही कवळ्या का?" सगळे हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी असेल.

बाबांनी ती हातात घेऊन वळवून वळवून पाहिली. "पोहेल," एवढंच. पोहली!

२३ ऑक्टोबर

वारा. गेलो नाही. खाली रेडिओ, वर मी. दोघंही उगाच जागे.

२८ ऑक्टोबर

लागला!

बाबा डाव्या हाताला दूर उभे होते. किनाऱ्याजवळ वाळूचा उंचवटा आहे, त्याच्या मागे खोलगट. मासे तिथे येतात, असं ते म्हणतात. मी तिथेच फेकत होते, खरं तर मनात उद्याच्या कवळीचा विचार. ओढताना मधेच काहीतरी अडलं. वाटलं शेवाळ. आणि शेवाळाने मान हलवली!

गळाच्या काठीवरचं रीळ किंचाळायला लागलं. "बाबा! बाबा!" ते पळत आले, पण काठीला हात लावला नाही. बाजूला उभे राहून नुसते सांगत होते. "जाऊ दे. जाऊ दे त्याला. आता ओढ. अगं लाटेशी भांडू नकोस! लाट येते तेव्हा ओढ, परतते तेव्हा सोड."

हात भरून आले. दोनदा वाटलं, घ्या तुमची काठी आणि करा काय करायचं ते. मग एका मोठ्या लाटेबरोबर तो स्वतःच वाळूवर येऊन पडला. जिताडा. माझ्या हाताएवढा लांब. कल्ले उघडत-मिटत होते. आनंद म्हणावा असं काही झालं नाही. फक्त पाय थरथरत होते आणि थांबतच नव्हते.

बाबा म्हणाले, "क्रेनवर पहिल्या दिवशी माझेपण असेच झाले होते."

स्वतःबद्दल इतकं त्यांनी आजवर माझ्याशी बोललेलं आठवत नाही.

२ नोव्हेंबर

नणंदेचा फोन. "वहिनी, बस खाली. दादा परत येतोय! तिकडचं सगळं संपलं. बाबांना सांगितलंय मी. आता सगळं पहिल्यासारखं."

मी "बरं" म्हटलं. तिला ते कमी वाटलं असावं. "तुला आनंद नाही झाला?" भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. भाजी नव्हती गॅसवर.

खाली गेले तर बाबांनी त्याची गादी उन्हात टाकलेली. काठीने बडवत होते. धूळ उडत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

बापच तो. गादी टाकणारच.

५ नोव्हेंबर

कामाच्या जागेजवळ एक खोली बघितली. खाली बेकरी. खिडकी आहे, पण समोर भिंत. घरमालकाने विचारलं, "एकट्याच?" हो म्हटलं. पहिल्या तारखेपासून ठरलं.

घर बाबांचं. घराला मुलगा आहे. मुलगा येतोय. यात माझं नेमकं काय, हे कोणी विचारायच्या आधी आपणच उठलेलं बरं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

रात्री दोघं गेलो. मासा नाही. निम्म्याहून जास्त वेळ तर मी फेकलंच नाही.

८ नोव्हेंबर

आला. एक बॅग. वाळलाय. दारात उभा राहून म्हणाला, "चहा आहे का?" जसा काही कोपऱ्यावरून पेपर आणायला गेला होता!

बाबा म्हणाले, "आधी हातपाय धू."

मी चहा केला. वर जाऊन दाराला आतून कडी लावली. त्याने वाजवलं नाही. गादी खालीच घातलेली होती.

१० नोव्हेंबर

हात दुखतोय. अक्षर वाकडं येतंय.

तो म्हणाला, "मी पण येतो, बघू तरी काय करता रोज." तिघं गेलो. बाबा पुढे, कंबरभर पाण्यात. तो वाळूवर, हातात मोठी बॅटरी. "लावू नकोस," मी सांगितलं. थोडा वेळ ऐकलं त्याने. मग त्याला बाबा दिसेनात, घाबरला असेल, सरळ त्यांच्यावर झोत टाकून "बाबा!" म्हणून ओरडला. बाबा वळले. डोळ्यांवर उजेड, पाठीला लाट.

पाण्याखाली गेले.

खरं लिहायचं तर आधी तो धावला. मी काठी टाकून त्याच्या मागे. पुढची लाट आम्हा दोघांवरून गेली. मला बाबांची कॉलर सापडली, त्याला हात. ओढत वाळूवर आणलं. खोकत होते, पाणी ओकत होते. पहिलं काय बोलले तर, "काठी गेली."

घरी आल्यावर तो माझ्यावर तुटून पडला. "सत्तरीच्या माणसाला रात्री पाण्यात उभं करतेस? हे खूळ बंद! उद्यापासून कोणीही जायचं नाही." मी बॅटरीचं नाव काढणार होते. काढलं नाही. त्याचंही काही अगदीच चूक नाही. बाबा टॉवेलमध्ये गुंडाळून बसलेले. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

११ नोव्हेंबर

त्याने उरलेल्या काठ्या आणि थापांचा डबा माळ्यावर टाकला. बाबा बघत बसले.

तो अंघोळीला गेला तेव्हा सांगून टाकलं. "बाबा, मी खोली घेतलीये. पहिल्या तारखेला जाते."

त्यांनी माळ्याकडे पाहिलं. मग, "खिडकी आहे का?"

"आहे. भिंतीकडे."

"हं."

एवढंच! मला काय हवं होतं? थांब म्हणायला हवं होतं? ते म्हणाले असते तरी मी थांबले नसते. पण म्हणायला काय झालं होतं?

१३ नोव्हेंबर

आज जिन्यात गाठलंच त्याने.

"मी परत आलोय ना?"

"हो. दिसलं."

"मग?"

"मग काय?"

"किती दिवस अशी तोंड फिरवून बसणार आहेस? माणसाकडून चूक होते. तिकडचं नाही जमलं."

"इकडचंही कुठे जमलं होतं?"

दोघं पायरीवर उभे, ना वर ना खाली. शेवटी तो म्हणाला, "बाबांच्या वयाचा तरी विचार कर. त्यांना घर भरलेलं हवंय." ते मात्र लागलं. कारण खरं असेल असं वाटलं. खालचं दार उघडं होतं, बाबा आत पेपर घेऊन बसलेले. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

पुस्तकं आणि हिवाळ्याचे कपडे खोक्यात भरले.

१४ नोव्हेंबर

कामावरून आले तर किल्ली लागेना. उलटी घालून पाहिली, दार ओढून पाहिलं. शेवटी वाजवलं. बाबांनी उघडलं. हातात पेचकस, फरशीवर जुनं कुलूप आणि लाकडाचा भुसा.

"तो कुठंय?"

"त्याच्या बहिणीकडे पाठवला. दुपारच्या गाडीत मीच बसवून दिला."

एक नवी किल्ली माझ्या हातात ठेवली, एक स्वतःच्या खिशात.

"त्याची?" मी विचारलं.

"दोनच करून आणल्यात."