साऱ्या गावाने ऐकलेली सभा

बाबा, काल दुपारी टीव्हीवर विधानसभेचं कामकाज चालू होतं. बोलणारा आमदार अध्यक्षांकडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त पाहत होता. सूनबाई म्हणाली, "आई, हे दाखवतात ते बरंच आहे ना? लोकांना कळतं तरी." मी नुसती मान हलवली. तू पंचायतीची सभा साऱ्या गावाला ऐकवलीस, तो दिवस मी घरात कधी कुणाला सांगितलेला नाही.

नागपूरला जाऊन आपण दीक्षा घेतली, त्यानंतरचा उन्हाळा. पंचायतीत आपल्या वस्तीतला तू एकटाच. माय आणि मी नाल्यात खड्डा करून, वाटीवाटीने झिऱ्याचं पाणी भरायचो. चावडीमागच्या विहिरीला मात्र भर वैशाखात पाणी असायचं, पण ती आपल्याला बंद होती. त्या विहिरीसाठी तू सरपंचांच्या किराणा दुकानाच्या पायरीशी कितीदा उभा राहिलास! माणूस तसा वाईट नव्हता. शेवटी एकदा तो हळूच म्हणाला, "करून टाकू ठराव. पन आधी बोंबलू नको कुठं." तू घरी येऊन मायला सांगितलंस तेव्हा तिने आनंदाने घागरी घासायला काढल्या. मग तुझ्या डोक्यात भोंग्याचं आलं. वस्तीच्या जयंतीसाठी पुलगावहून आणलेला लाऊडस्पीकर अजून परत गेला नव्हता. तू सरपंचांना म्हणालास, सभा लोकांना ऐकू द्या. आपला आवाज गावभर जाणार म्हणून तोही खुशीने हो म्हणाला.

सभा आत चावडीत, भोंगा बाहेर चौकातल्या लिंबावर, आणि लिंबाखाली ही गर्दी. आपली माणसं एका कडेला बसलेली, मीही त्यांच्यात. दिवाबत्तीचं झालं, कोंडवाड्याचं झालं, आणि मग तुझा आवाज आला. तू विहिरीचं बोलतोस. सरपंच खाकरतो आणि म्हणतो, "हे पाहा, गावाचं मन पाह्यल्याशिवाय असं कसं करता येईन?"

"काल तं तुमीच हो म्हनलं शेठजी, दुकानावर."

"मी? कोनापुढं म्हनलं?"

चौकात कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. बाकीचे सभासद बोलेनात. बाहेर आपापले भाऊबंद कान देऊन बसलेत, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि तेवढ्यात तू रडायला लागलास. "असं नका करू शेठजी. पाया पडतो तुमच्या. लेकरं पानी पानी करून राह्यले." तुझा हुंदका भोंग्यातून एवढा मोठा होऊन आला, की पलीकडच्या गल्लीतल्या बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या शेजारची मैत्रीण माझ्याकडे पाहायचं टाळत होती. मी परकराच्या काठाकडे पाहत बसले होते.

घरी मायने चुलीपुढून मान वर केली नाही. तिने सगळं तिथूनच ऐकलं होतं. "काऊन लावला तो भोंगा? गुपचूप भेटत होतं पानी, तं घ्यायचं होतं."

"गुपचूप देल्लं ते गुपचूप बंदही करतीन," तू म्हणालास. "आता कोन काय म्हनते ते समद्याईले समजलं."

"समजलं न? आता पान्याऐवजी तेच पेजो."

तू ताटावरून उठलास. त्यानंतर आपलीच माणसं तुझ्याशी तुटक वागू लागली. पुढच्या निवडणुकीत वस्तीने दुसरा माणूस उभा केला. वस्तीची विहीर खणली गेली, तीही आपल्याच माणसांनी, अंगमेहनतीने, आणि तोवर तू खोकल्याने अंथरुणाला खिळला होतास. भोंगा नसता तर ठराव झाला असता का? झाला असता, असंच मला वाटतं. तो टिकला असता का, हे मात्र मी आजही सांगू शकत नाही.

पुढे मी शिकले, सरकारी नोकरीत अधिकारी झाले. नगरपालिकेच्या सभा केबलवर दाखवाव्यात का, असा विषय एकदा निघाला आणि माझं मत विचारलं गेलं. दार बंद असलं की माणसं जरा मागेपुढे सरकतात, लोक पाहत असले की अडून बसतात, म्हणून दाखवू नयेत, असं मी सांगितलं. साहेब म्हणाले, अनुभवाचं बोललात. तिथे बसलेल्यांपैकी एकालाही शंका आली नाही.

त्यात खोटं काही नव्हतं, बाबा. पण माझं कारण ते नव्हतं. शेठजीने शब्द फिरवला याची लाज मला कधी वाटली नाही, ती त्याची त्याने बाळगावी. गाव हसलं याचीही नाही. लाज वाटली ती तुझी. तू रडलास त्याची, पाया पडतो म्हणालास त्याची. आज माझं वय तुझ्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलंय, एवढी पुस्तकं वाचली, आणि तरी ती वाटते. तू असतास तर हे तुला लिहिलं नसतं.