शनिवारचा बाप

सान रोके, समार बेट
१५ जून १९९७

चि. बेरिंगस अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. नगरपालिकेनं गावच्या सभागृहात दर शनिवारी बापांचा वर्ग सुरू केलाय. बालवाडी मी चालवते, म्हणून हेही माझ्याच गळ्यात आलं. काल पहिला दिवस होता. एकोणीस जणांना बोलावलं, सात आले, त्यातले दोघे शेवयांची परात दिसली म्हणून. पोरांचे केस कसे धुवावेत, वेणी कशी घालावी, शाळेत काय झालं ते कसं विचारावं, असलं नगरपालिकेच्या बाई शिकवतात.

तुझी मारिविक आता नऊ वर्षांची झाली. ती आली आणि थेट तीनचाकीवाल्या तिबुर्सियोपाशी गेली. त्याला ना बायको ना पोर, तो नुसता खुर्च्या मांडायला आला होता. त्याला म्हणाली, माझ्या बाबांची खुर्ची मोकळीच आहे, शनिवारपुरता तू बसतोस का. तो बसला. दोन तास तिची कविता ऐकत बसला.

तुझ्या बायकोला, नेनिताला पुरलं आणि आठ दिवसांत तू नवोतास बंदरात जाऊन मासेमारीच्या बोटीवर चढलास. त्याला सहा वर्षं झाली. पहिले चार नाताळ आलास, मागचे दोन तेही नाही. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण काल मला त्या पोरीकडे बघवेना. रजा काढून ये. रागावले आहे, पण माया आटलेली नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई,
पुरिंग


नवोतास
६ जुलै १९९७

ती. पुरिंगताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चौतिसाव्या वर्षी बाप व्हायच्या शाळेत जायचं, हे मी बोटीवर बोलून बसलो. आता सगळे मला मास्तर म्हणतात आणि वेणी घालून द्या म्हणून आपली टकलं पुढं करतात.

चेष्टा राहू दे. तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे ते मीच लिहितो. मी पळालो. पोरगी हुबेहूब नेनितासारखी हसायची, मला ते सोसेना. पुढच्या वर्षी बघू म्हणता म्हणता सहा वर्षं गेली.

सप्टेंबरात तीन आठवडे रजा मिळाली आहे. मारिविक अजून खेकड्यांना घाबरते का? आधी चुलीच्या ओट्यावर चढून बसायची. तिबुर्सियोला म्हणावं, माझी खुर्ची आता मोकळी कर. माझ्यावरचा राग लोभासकट सांभाळून ठेव.

तुझा,
बेरिंग


सान रोके
२८ सप्टेंबर १९९७

चि. बेरिंगस अ. उ. आ.

तीन आठवड्यांसाठी आलास आणि दहाव्या दिवशी बस धरलीस. मी बाजारातून परतले तर तुझी पिशवी नाही. बाबा कामाला गेले, एवढंच मारिविकने सांगितलं.

त्या शनिवारी काय झालं ते मीही पाहिलं. आपलं मूल कशाला भितं ते बापांनी कागदावर लिहायचं होतं, आणि पोरांनी ते मोठ्यानं वाचून खरं की खोटं सांगायचं होतं. तू खेकडे लिहिलंस. तिनं वाचलं. पोरं फिदीफिदी हसली, कारण दर रविवारी खडकातून खेकडे काढून आणणारी हीच. तिनं तुझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली की बरोबर आहे, मी भिते. तुझा चेहरा तेव्हाच उतरला. तुझी लाज राखायला नऊ वर्षांची पोर खोटं बोलली. पाहुण्याच्या ताटातलं संपायच्या आत वाढावं तशी ती तुझ्याशी वागत होती, तिबुर्सियोला अरेतुरे, तुला अहोजाहो. हे सोसवत नाही म्हणून तू गेलास. पण बेरिंग, तेवढं सोसायलाच तर तुला बोलावलं होतं.

वर्ग बंद झाला. दहापेक्षा कमी बाप येतात म्हणून बाईंना दुसऱ्या गावी पाठवलं. सभागृहात आता सिमेंटची पोती आहेत. तिबुर्सियोचं लग्न ठरलं, तो होणाऱ्या बायकोच्या गावी ताक्लोबानला राहायला जातोय. मारिविकनं त्याला हसत निरोप दिला.

काय मागावं तुझ्याकडे ते कळत नाही. तब्येत सांभाळ.

पुरिंग


सान रोके
९ नोव्हेंबर १९९७

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र मिळालं. ते मी एकटीनंच वाचलं. बोट सोडून कायमचा घरी येऊ का, असं तुम्ही विचारलं आहे आणि खरं उत्तर दे असं लिहिलं आहे. मी चार दिवस विचार केला.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. पण तुम्ही घरी असता तेव्हा मला रोज सकाळी उठून आज तुमच्याशी काय बोलायचं ते ठरवावं लागतं. मग दुपारपर्यंत ते संपतं. तुम्ही माझ्याकडे बघत बसता आणि रडता की काय असं मला वाटतं, म्हणून मी हसते. हसलं की तुम्ही बाहेर निघून जाता. माझं काय चुकतं ते मला कळत नाही.

म्हणून तुम्ही येऊ नका. आत्याला मी हे दाखवलं. ती मागच्या दारी जाऊन बसली, पण फाडून टाक म्हणाली नाही.

मी चौथीत पहिली आले तर कळवीन.

पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो, असं आत्या सांगते. किती मागायचा ते मला माहीत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

मारिविक