हायर सेकंड क्लासचं राज्य

कॅसल हिल,
रविवार, २२ फेब्रुवारी

ती. ताईस प्रल्हादचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदापुरताच. माझ्या कमरेच्या मणक्याने नोव्हेंबरपासून असहकार पुकारला आहे. आठांपैकी जेमतेम तीन अंगं जमिनीला टेकतात आणि ती परत उचलायला मीनाक्षीला बोलवावं लागतं.) तुझी तब्येत कशी आहे? हॉस्पिटलातल्या ड्यूट्या कमी करून घेणार होतीस, त्याचं काय झालं? डार्विनला पाऊस अजून चालू असेलच. मागच्या खेपेस तू लिहिलं होतंस की कपाटातल्या चपलांना बुरशी आली, त्या फेकल्यास की पुसून वापरतेस ते कळव. मी तुला ओळखतो, पुसून वापरत असशील. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची आपल्या घराण्यात पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात इकडे कोणीही खुशाल नाही.

ताई, आमच्या राज्यावर बहिष्कार पडला आहे. उभी असशील तर बसून घे. एखाददुसऱ्या गल्लीवर किंवा आमच्या मराठी मंडळावर नाही (मंडळावर तर पडायलाच हवा, पण तो विषय वेगळा), तर अख्ख्या न्यू साउथ वेल्सवर. सिडनी, हार्बर ब्रिज, निळे डोंगर, सगळं वाळीत. आणि हे कोणी केलं, तर तुझ्या लाडक्या भाचीने. पोटच्या पोरीने बापाचं राज्य वाळीत टाकल्याचं उदाहरण मी पुराणांत शोधलं. बापाने पोरीला टाकल्याची बरीच सापडली, उलट एकही नाही. गेले आठ दिवस मला अन्न गोड लागत नाही. (लागतं, पण मी तसं दाखवत नाही.)

सगळं पहिल्यापासून सांगतो. सुनीती तिकडे ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते आणि नोकरी सांभाळून एका पक्षाच्या युवा शाखेचं चिटणीसपद करते हे तुला माहीत आहे. पक्षाचं नाव लिहीत नाही, तुझं ब्लडप्रेशर मला माहीत आहे. पक्ष इतका लहान आहे की त्यांची वार्षिक परिषद एका मध्यम हॉलमध्ये बसते आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. तर यंदाची ईस्टरची परिषद कॅसल हिलला घ्या, इथे भारतीय मतदार पोत्याने आहेत, असं मीच त्यांच्या डोक्यात भरवलं. सहा महिने खटपट करून हॉल मिळवला. तुला म्हणून खरं सांगतो, मला त्या पक्षाशी काही देणंघेणं नाही. परिषद चार दिवसांची होती. म्हणजे सुनीती चार दिवस घरी राहिली असती. गेल्या तीन वर्षांत ती सलग दोन दिवसांच्या वर घरी राहिलेली नाही, आणि ते दोन दिवसही अर्धा वेळ फोनवर. तिच्यासोबत ऋतिकाही येणार होती. मी दोघींसाठी नवा डबल बेड आणून तिच्या खोलीत स्वतः जोडला. त्याचा एक स्क्रू उरला आहे तो कुठला ते अजून कळलेलं नाही, आणि माझा मणका त्यातच गेला.

आणि गेल्या शनिवारी सुनीतीचा फोन. शाखेने ठराव केला आहे, की ज्या राज्याने समलिंगी विवाहाच्या बाजूने सगळ्यात कमी कौल दिला त्या राज्यात पक्षाचा कुठलाही कार्यक्रम घ्यायचा नाही. मला आधी वाटलं नवीन काही मतदान झालं आणि माझं टपाल चुकलं. पण नाही, हे ते २०१७ चं. घरोघरी फॉर्म आले होते, हो की नाही ते कळवून परत पाठवायचे होते, ते. मी म्हटलं, अगं, कायदा होऊन आठ वर्षं झाली, लोकांची लग्नं होऊन काहींचे घटस्फोटसुद्धा झाले, बहिष्कार आता कसला? तर म्हणाली, ‘कारण तेव्हा कोणी केला नाही, बाबा.’

मी तिला समजावलं की आमचं राज्य नापास झालेलं नाही. शंभरात ५७.८ लोकांनी हो म्हटलं आहे. आपल्या पुणे विद्यापीठात ५७.८ म्हणजे हायर सेकंड क्लास. हायर सेकंड क्लासवर मी स्वतः नोकरीला लागलो, लग्न केलं, परदेशात आलो, कोणी वाळीत टाकलं नाही. त्यावर तिने बाकीच्यांचे मार्क वाचून दाखवले. क्वीन्सलँडला ६०.७, काठावर का होईना पण फर्स्ट क्लास. तुमच्या डार्विनकडच्या टेरिटरीलाही ६०.६. (अभिनंदन.) कॅनबेराला ७४, डिस्टिंक्शन. फर्स्ट क्लास हुकलेले सबंध देशात आम्ही एकटेच. शिवाय देशभरात जे सतरा मतदारसंघ ‘नाही’ म्हणाले त्यांतले बारा आमच्याकडचे, आणि त्या बारांत आमचं कॅसल हिल. इथे शंभरातले एक्कावन्न ‘नाही’वाले. मी म्हटलं, तुमच्या क्वीन्सलँडमध्येही तीन आहेत. तर म्हणाली, ‘तिथे माझं घर नाहीये, बाबा.’ स्प्रिंगफील्ड लेक्सला स्वतःचं घर असलेली मुलगी हे बोलते. मी तिला बोलण्यातली चूक दाखवून दिली आणि तिने फोन ठेवला.

मंडळाची तातडीची सभा झाली. तेजश्री करंदीकर अध्यक्षस्थानी. सगळे हादरले होते. गंमत म्हणजे सभेला बावीस माणसं होती आणि बावीसच्या बावीस जणांनी २०१७ साली ‘हो’ म्हटलं होतं. काहींनी तर आवर्जून, लाल शाईने. मी इतकी वर्षं इथे राहतो, मला ते एक्कावन्नवाले आजवर कुठेच भेटलेले नाहीत. दुकानात नाही, मेट्रोत नाही, मुंजीत नाही. मग ‘नाही’ काय कांगारूंनी लिहिलं, असा सवाल मी भर सभेत केला. (टाळ्या पडल्या.) शेवटी जशास तसं म्हणून क्वीन्सलँडवर उलट बहिष्कार घालायचा ठराव आला. आंबे बंद म्हटल्यावर बायका उठून उभ्या राहिल्या. साखर तिकडूनच येते असं कोणीतरी म्हणालं तेव्हा सगळ्यांच्या हातात चहा होता. गोल्ड कोस्टला निम्म्या सभेचे नातेवाईक आणि उरलेल्यांची सुट्टीची बुकिंगं. होता होता अननस तेवढे राहिले. अननसांवर कडकडीत बहिष्कार एकमताने मंजूर झाला. आमच्यात अननस तसेही कोणी खात नाही, शिऱ्यातला सोडून, आणि शिऱ्याला तेजश्रीने सूट दिली.

आता विलासबद्दल लिहिणं भाग आहे. विलास म्हणजे मंडळाचा भोजनप्रमुख, स्वभावाने गरीब, आवाजाने नाही. दोन वर्षांपूर्वी गणपतीत सुनीती ऋतिकाला घेऊन आली होती. विलासने विचारलं ही कोण. मी म्हटलं, सुनीतीची पार्टनर. ताई, शब्द अगदी बरोबर होता. इथल्या कुठल्याही फॉर्ममध्ये हाच लिहितात. पण विलासने लगेच विचारलं, ‘वा, कसला बिझनेस?’ आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘केटरिंगचा.’ का, ते मला विचारू नकोस. समोर मोदकांचं ताट होतं, दुसरं कारण मला सुचत नाही. ऋतिका फिजिओथेरपिस्ट आहे. तिला कुकर लावता येतो, बस.

तर बहिष्काराच्या आधी, परिषदेचं जेवण कोणाला द्यायचं हा प्रश्न निघाला तेव्हा विलासने परस्पर ऋतिकाला फोन लावला आणि एकशेवीस पानांची ऑर्डर दिली. पुरणपोळी, कटाची आमटी, मठ्ठा. ती बिचारी म्हणाली, ‘काका, काहीतरी मिक्सअप झालाय, मी फिजिओ आहे.’ विलास म्हणाला, असं कसं, प्रल्हाद स्वतः म्हणाला तू सुनीतीची पार्टनर. ती म्हणाली, ‘हो, पार्टनर आहे. पण केटरिंगमध्ये नाही, काका. आयुष्यात.’ मग विलासने विचारलं, ‘बरं, मग तुझ्या ओळखीत कोणी चांगला केटरर आहे का?’

हे सगळं त्याने मला येऊन सांगितलं तेव्हा मी आधी उठून दार लावून घेतलं. दोन वर्षं मी जी गोष्ट अख्ख्या कॅसल हिलपासून जपून ठेवली ती एका पुरणपोळीने फोडली. आता मंडळात काय होईल, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले ते सांगतो. तेजश्री म्हणाली, लग्न कधी आहे, मला सुट्टी टाकावी लागेल. विलास म्हणाला, अरे, आधी सांगायचंस ना, मी फुकट मठ्ठ्याचा भाव करत बसलो. बस. एवढंच. ताई, मला सगळ्यात मोठा धक्का याचा बसला. दोन वर्षं मी ज्यांना भीत होतो ते लोक मला सापडेचनात. मीनाक्षीला तर, आईच ती, सगळं ठाऊक होतं. ती दर रविवारी ऋतिकाशी तासभर बोलते, आणि मी समजत होतो ती ब्रिस्बेनच्या डाळीचे भाव विचारते.

पण सुनीतीला ते केटरिंग लागलं. फार लागलं. ठराव विलासच्या फोननंतर सहाव्या दिवशी झाला आणि मांडला तिनेच, हे मला मीनाक्षीकडून कळलं. मी परवा पुन्हा फोन केला. म्हटलं, बाई, माझ्यावरचा राग ऐंशी लाख लोकांवर कशाला काढतेस? ती भांडली नाही. शांतपणे एकच विचारलं. ‘बाबा, २०१७ ला तू काय मार्क केलं होतंस?’ मी म्हटलं, मत गुप्त असतं, लोकशाहीचा पायाच तो. ती म्हणाली, ‘ओके. सांगावंसं वाटलं की सांग. तोपर्यंत मी नाही येत तिकडे. परिषदेचं नाही सांगत, माझं सांगतेय.’ आणि जाता जाता म्हणाली की त्या दोघी ऑक्टोबरमध्ये लग्न करणार आहेत. कुठे ते अजून ठरलेलं नाही. मला बोलावणं असेल की नाही तेही तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नवा बेड तसाच आहे. मीनाक्षीने त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली आहे.

असो. पत्र लांबलं. मी राग आवरला आहे आणि राज्याचा अपमान गिळला आहे. घरात सर्वांना माझे यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद वाटून दे. पावसात जपून गाडी चालव.

तुझा धाकटा भाऊ,
प्रल्हाद

ता. क. – एक बारीकसं काम होतं. २०१७ च्या सप्टेंबरात तू आमच्याकडे राहायला होतीस, आठवतं? तर सुनीतीला सहज फोन कर आणि बोलता बोलता सांग, की मी तो फॉर्म भरला तेव्हा तू समोर बसली होतीस, आणि मी ‘नाही’च्या चौकोनात फुली मारली. फुली. आपल्या भाऊंना आयुष्यभर वह्या तपासताना पाहिलंय आपण. बरोबर उत्तराला खूण, चुकीच्या उत्तराला फुली. तर ‘नाही’ हे उत्तर चूक आहे असं समजून मी त्यावर फुली मारली, आणि सरकारने ती उलटी मोजली. मास्तर बापाच्या घरात वाढलेल्या माणसाची शुद्ध संस्कारांमुळे झालेली चूक. माझ्या तोंडून ते बनवल्यासारखं वाटेल, पण तू सांगितलंस तर तिला पटेल. ती तुझं ऐकते.

ता. क. २ – मीनाक्षीने पत्र वाचलं. (पाकीट चिकटवण्याआधी ती सगळीच वाचते.) ती म्हणते, तू त्या वर्षी डिसेंबरात आली होतीस, निकाल लागल्यावर, आणि सप्टेंबरात तू डार्विनलाच होतीस. हे सुनीतीलाही माहीत आहे, कारण तुला आणायला विमानतळावर तीच गेली होती. तेव्हा वरचं काम राहू दे.

ता. क. ३ – मीनाक्षी आत गेली आहे तोवर लिहितो. ताई, फुली नव्हती. मी ‘नाही’च्या चौकोनात व्यवस्थित बरोबरची खूण केली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचं काही वाईट व्हावं असंही मनात नव्हतं. वाटलं, आपल्याला काय करायचंय, हे आपल्यातलं नाही. सुनीती एकवीस वर्षांची होती, युनिव्हर्सिटीत शिकत होती, टेबलाच्या पलीकडे बसून स्वतःचा फॉर्म भरत होती. मी माझं पाकीट बंद केलं. तेव्हा मला तिच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तिला होतं.

हे फोनवर सांगायचं मला धैर्य नाही, म्हणून गुरुवारचं ब्रिस्बेनचं तिकीट काढलं आहे. तोवर तिचा फोन आला तर तू काही बोलू नकोस. सगळं सांगेन, पण एक गोष्ट कशी सांगायची ते मला अजून सुचलेलं नाही. मी पाकीट बंद केल्यावर सुनीती पोस्टात जायला निघाली होती. दारात थांबून म्हणाली, ‘बाबा, माझं टाकतेच आहे, तुझंही टाकू का?’ त्या दिवशी मी ‘हो’ म्हटलं ते एवढंच.