सुरंगीचा खरारा आणि माझी शेवटची आंघोळ

मी, दयाराम हिरामण भगत, वय एकाहत्तर, धंदा घोडागाडी, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, असं लिहून ठेवतो की माझी उजवी बाजू गेली आहे, डोकं गेलेलं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कुणी दम दिलेला नाही, कुणी काही पाजलेलं नाही. हात चालत नाही म्हणून शेजारचे प्रज्योत मास्तर माझ्या तोंडचं उतरवून घेत आहेत. मास्तर मधूनमधून म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवा म्हटलं.

घरदार कुणाला, यावरून भांडण होण्यासारखं काही नाही. मुलगा एकच आहे. मला घोर आहे तो निराळा. मी गेल्यावर माझ्या उघड्या अंगाला हात कोण लावणार, याचा. हा कागद त्यासाठी केला आहे, बाकीचं ओघाने आलं.

१. राहतं घर, मागची नारळ-सुपारीची वाडी आणि बँकेत जे निघेल ते मुलगा विनेश याला मिळावं. विनेश पेणला कंपनीत कामाला आहे. पोरगा वाईट नाही, पण घाबरट आहे. वाडीतला वाकडा माड तोडू नये, त्याच्या सावलीत घोडी बांधतात.

२. घोडागाडी विनेशने खुशाल विकावी. मात्र गाडी घेणारा घोडीही मागेल. ती द्यायचा हक्क विनेशला नाही. कारण पुढे आहे.

३. घोडी सुरंगी, रंगाने तांबडी, कपाळावर पांढरी टिकली, ही माझी सून रश्मी हिची. तिच्याबरोबर लोखंडी खरारा, मऊ ब्रश, आयाळीची फणी, खुरातली घाण काढायचा आकडा आणि शेवटी अंग पुसायचं फडकं, हे सगळं रश्मीचं. विनेशच्या मनात सुरंगीला लग्नाच्या वरातीवाल्याला द्यायचं आहे. त्याने घोडीला एकदा खरारा केला तेव्हा थेट तोंडावर लोखंड फिरवलं. ती चावली, तर म्हणे घोडी माजली आहे. अरे, तोंडाला आणि पायाच्या हाडांना लोखंड कधी लावतात का? तिथे मऊ ब्रश. किनाऱ्यावरून आलं की आधी गोड्या पाण्याने खारं धुवायचं, तंगाखालची, म्हणजे पोटाला आवळतात त्या पट्ट्याखालची, वाळू बोटांनी काढायची, नाहीतर पोट सोलतं. सुकलं की मानेपासून मागे खरारा गोल गोल. आणि या सगळ्याच्या आधी एक. डावीकडून जायचं, खांद्यावर तळहात ठेवायचा आणि सांगायचं, मी हाय. न सांगता हात लावला तर घोडं बिचकतं, त्यात घोड्याची चूक नसते.

४. आता जे सांगायचं आहे त्याची मला लाज वाटते. मास्तरांनाही मी भिंतीकडे तोंड करून लिहायला लावलं आहे.

दिवाळीनंतर मला अर्धांगाचा झटका आला. पहिले काही दिवस विनेशने आंघोळ घातली. मागच्या पडवीत खुर्चीवर बसवायचा, मान दुसरीकडे फिरवायचा आणि मोटारसायकल धुतात तशी नळी सोडायचा. मी थरथरायचो, तो रडायचा. त्याला बापाला उघडं बघवेना, मला पोराला दाखववेना. मग आंघोळीच्या वेळेला तो कामावर लवकर जायला लागला. पगारी माणूस मिळेना. माझ्या अंगाला वास यायला लागला. आयुष्यभर दुसऱ्याचं जनावर घामट दिसलं तरी मी मालकाला शिव्या घालायचो, आणि आता माझ्याच खाटेपाशी माशा.

एका सकाळी रश्मी गरम पाणी घेऊन आली. सुनेने सासऱ्याला न्हाऊ घालायचं? मी डोळे घट्ट मिटले, मरण आलं तर बरं असं वाटलं. ती डावीकडून आली. माझ्या खांद्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "आबा, मी हाय." मग मानेपासून खाली, हलक्या हाताने, तोंडाला मऊ फडकं, पायाच्या हाडांवर जोर नाही. कमरेला पंचा होता तो तिने हलू दिला नाही. निम्म्यावर मला उमगलं की ही बाई मला खरारा करते आहे.

मी भडकलो. तोंड वाकडं झालेलं, तरी ओरडलो, "मी काय जनावर हाय?"

ती थांबली नाही. म्हणाली, "आबा, सासऱ्याला न्हाऊ घालायचं मला कुणी शिकवलं न्हाय. तुमी सुरंगीला करायचा ते रोज चुलीपाशी बसून बघायची. जीव लावून अंगाला हात कसा लावायचा, ते मी तेवढंच बघितलंय."

तेव्हापासून रोज ती मला आणि मग सुरंगीला करते. घोडीचं बुजणं गेलं, माझी लाज गेलेली नाही. रोज डोळे मिटतो. पण बिचकत नाही.

५. तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती दाण्याची पिशवी, माझा सख्खा भाऊ दादू याला द्यावी. नाक्यावर चार माणसांत तो म्हणाला, "दयारामला सून धुते, आता तोबरा बांधायचाच बाकी राहिला." लोक हसले. रश्मी तेव्हा तिथे साखर घ्यायला उभी होती. ती घरी येऊन काही बोलली नाही, मला किराणा दुकानवाल्या सदूने सांगितलं. तोबरा नीट धुवून द्यावा. दादूच्या तोंडाला बसेल.

६. आपल्यात पुरुषाच्या प्रेताला मुलगा आणि भाऊबंद आंघोळ घालतात. विनेश घाबरून मागे राहणार, म्हणजे पहिला हात दादूचा. तो मला नको. माझी शेवटची आंघोळ रश्मीने घालावी. बायकांनी प्रेताला हात लावायचा नाही असं कुणी म्हणेल, तर त्याला सांगावं की जिवंत असताना हात लावायला यायचं होतं. विनेशने पाणी आणून द्यावं आणि तिच्या बाजूला उभं राहावं. मान फिरवायची नाही. दादूने फाटकाच्या बाहेर थांबावं. मात्र हे सगळं रश्मीची इच्छा असेल तरच. तिला नको वाटलं तर घोडी आणि सामान तरीही तिचंच, आणि तिला कुणी एक शब्द बोलायचा नाही.

मास्तर म्हणाले, जिला मिळायचं आहे ती बाई लिहिताना घरात नको. म्हणून ती बाहेर माडाखाली सुरंगीला खरारा करते आहे. आवाज इथवर येतो.

७. तिने घालायचं ठरवलं तर एवढंच करावं. डावीकडून यावं. अंग थंड असेल, तरी आधी खांद्यावर तळहात ठेवावा आणि आबा, मी हाय, असं सांगावं. मग पाणी. त्या दिवशी माझे डोळे मिटलेले असतील ते लाजेने नव्हे, हे तिला कळावं म्हणून इथे लिहून ठेवलं.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, ते मी बोललो तसंच आहे. उजवा हात उठत नाही म्हणून डाव्या हाताचा अंगठा दोघा साक्षीदारांसमोर उठवला.

दयाराम हिरामण भगत (डावा अंगठा)

साक्षीदार:
१. सदू बाळाराम म्हात्रे, किराणा दुकान, नागाव (सही)
२. सुजित विवेक राऊत, नागाव (सही)

लिहिणार: प्रज्योत ठाकूर, निवृत्त शिक्षक (सही)

ठिकाण: नागाव
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५