आप्पांच्या राजदूतचं मीटर

१२ जुलै, रविवार

अपेक्षा! अपेक्षा! अपेक्षा! आज माहेरी दिवसभर हेच ऐकलं. आप्पांना आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटून घेऊन गेले, तर आप्पा अंगणात त्यांच्या जुन्या राजदूत मोटारसायकलचं मीटर उघडून बसलेले आणि शेजारी सूनबाई अपेक्षा. माझ्या भावाच्या, सत्यमच्या लग्नाला अजून वर्ष नाही झालं, आणि ही सिल्लोडची पोरगी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार!

मी शाळेत असताना या गाडीजवळ नुसती फिरकले तरी, "तनू, हात कापंल, सरक तिकडं." आणि हिला? "व्हय, जरा जरा उचल ती कडा. घाई नाय करायची, रिंग वाकंल." काचेभोवतीची पत्र्याची रिंग ती. आतलं रबर वाळून कडक झालं होतं, म्हणून गाडी धुताना पाणी शिरलं आणि काटा अडकला.

मी म्हटलं, आप्पा, मी धरू का? "तू चहा टाक." टाकला. साखर मुद्दाम कमी घातली.

१४ जुलै, मंगळवार

ऑफिसातून परस्पर माहेरी गेले. तबकडी मऊ ब्रशनं साफ करणं चालू होतं. कापड लावलं तर आकडे पुसले जातात म्हणे. हे आप्पांनी सांगितलं — तिला! ती एकेक आकडा मोठ्यानं वाचते. "वीस साफ झाला आप्पा. चाळीस थोडा उडालाय." आप्पा मान डोलावतात. बालवाडी चाललीय नुसती! आणि पूर्ण वेळ तिच्या तोंडाकडं बघत बसतात. माझ्याकडं कधी बघितलं असं?

१५ जुलै

गोकुळला सांगितलं. नवरा असून माझी बाजू घेईल तर शपथ! म्हणाला, "मीटरवरून कुणी भावजयीवर जळतं का?"

जळतं. मी जळते.

१८ जुलै, शनिवार

मीटर परत जोडून झालं एकदाचं. सायकलच्या ट्यूबमधून रबर गोल कापलं, काच बसवली, रिंगची कडा आप्पांनी बोटांनी चाचपत चाचपत दाबून घेतली. डोळे दुसरीकडंच! इतक्या वर्षांचा हात आहे.

"बुडाचं बारीक भोक तेवढं बुजवू नको पोरी. आतला दमटपणा तिथून भाईर जातो." पोरी! ती झाली पोरी.

मग बेत ठरला. सोमवारी सकाळी वैजापूरला, चुलत्यांकडं, राजदूतवरून. चालवणार आप्पा, मागं अपेक्षा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दोघं जेवायला आत गेले. मीटर ओट्यावरच होतं. मी त्या भोकातून पाण्याचे थेंब आत सोडले आणि वरून गळती बुजवायचं काळं सिलिकॉन चोपडलं. काळ्या बुडावर काळं, दिसायचं नाही. उद्या उन्हात काच धरू दे वाफ! कळू दे आप्पांना लाडक्या सुनेच्या हाताचा गुण!

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं.

१९ जुलै, रविवार

सकाळी मीटर गाडीवर चढलं. पाऊस नव्हता, ऊन कडक. थोड्याच वेळात काच आतून पांढरीफटक! आकडे नाहीत, काटा नाही, काहीच नाही. मी मुद्दाम म्हटलं, आप्पा, बघा बरं कसं झालंय.

ते वाकले. नाक काचेला लागेपर्यंत वाकले. आणि हसले.

"झकास! बघ तनू, कशी लख्ख झाली काच. चाळीसचा आकडा बी दिसायलाय."

अपेक्षानं माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. रडत होती. "ताई, तुम्हाला सांगू नको म्हणले. तनूला कळलं तर ती किल्ली काढून घेईल म्हणले. मी लई समजावलं, ऐकतच नाहीत. एकटेच निघतील, म्हणून मी मागं बसणार होते. रस्ता सांगायला."

किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. उद्या सकाळी निघायचंय. मागू कशी?